राउटरवर निवडक ट्रॅफिकचं फ्लो मॉनिटरिंग कसं लावायचं

राउटरवर नेटफ्लो, म्हणजे कोण कुणाशी किती बोलतं याच्या नोंदी ठेवणारी सोय, सुरू करायला इंटरफेसवर एक ओळ पुरते. पण व्यस्त लिंकवर ती एक ओळ राउटरचा सीपीयू वर नेते, फ्लो कॅश (चालू नोंदींची तात्पुरती जागा) भरून टाकते आणि कलेक्टरवर (नोंदी जमा करणाऱ्या मशीनवर) नोंदींचा असा ढीग लावते की हवी ती गोष्ट शोधताना दम निघतो. म्हणून आधी ट्रॅफिकचे वर्ग पाडायचे. महत्त्वाच्या वर्गातलं प्रत्येक पॅकेट मोजायचं, बाकीच्यातली थोडीच मोजायची.

पुढची उदाहरणं सिस्कोच्या आयओएसमधल्या (राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या) पारंपरिक नेटफ्लोची आहेत, कारण वर्गवार निवड तिथे सगळ्यात उघड दिसते. इतर राउटरांचं शेवटी पाहू. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. राउटरवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या, स्वतः ठेवलेली नावंसुद्धा. स्पेलिंगची शंका आली तर प्रश्नचिन्ह दाबा, राउटर पुढचे पर्याय दाखवतो.

फ्लो म्हणजे नेमकं काय

सात गोष्टी सारख्या असलेली पॅकेटं म्हणजे एक फ्लो: सोर्स पत्ता, डेस्टिनेशन पत्ता, सोर्स पोर्ट, डेस्टिनेशन पोर्ट, प्रोटोकॉल, टीओएस बाइट (पॅकेटवरची प्राधान्याची खूण) आणि पॅकेट ज्यातून आत आलं तो इंटरफेस. फ्लो एकाच दिशेचा असतो. ब्राउझरने सर्व्हरशी केलेलं एक कनेक्शन म्हणजे दोन फ्लो, एक जाताना आणि एक येताना. हे डोक्यात पक्कं बसलं नाही तर पुढे ॲक्सेस-लिस्ट (पॅकेटं निवडायच्या अटींची यादी) लिहिताना हमखास उलटसुलट होतं.

राउटर चालू फ्लो कॅशमध्ये ठेवतो आणि फ्लो संपला की त्याची नोंद कलेक्टरकडे पाठवतो. टीसीपीचं फिन किंवा रिसेट (कनेक्शन संपल्याची खूण) दिसलं, १५ सेकंद एकही पॅकेट आलं नाही, फ्लो ३० मिनिटं सलग चालला किंवा कॅश भरत आली, यातलं काहीही झालं तरी नोंद बंद होते. १५ सेकंद आणि ३० मिनिटं हे मूळ आकडे आहेत, ते बदलता येतात. ३० मिनिटं तर बदलायलाच हवीत.

कॅशमधल्या एका नोंदीला साधारण ६४ बाइट लागतात, म्हणजे ६५,५३६ नोंदींच्या कॅशला सुमारे ४ एमबी मेमरी. मेमरीचं ओझं त्यामुळे फार नाही. खरी अडचण कॅश भरल्यावर येते, कारण राउटर जागा करण्यासाठी चालू फ्लोच वेळेआधी बंद करू लागतो. मग एकाच डाउनलोडच्या दहा तुटक नोंदी कलेक्टरवर पोहोचतात. पोर्ट स्कॅन किंवा हल्ल्याच्या वेळी हेच होतं, आणि नेमकी तेव्हाच माहितीची सगळ्यात जास्त गरज असते.

आधी प्रश्न कागदावर

कमांडला हात लावण्याआधी दोन-तीन वाक्यांत लिहून काढा की या मोजणीतून काय कळायला हवं. पुढच्या उदाहरणात प्रश्न असे धरू. आपल्या सर्व्हरांकडे, म्हणजे १९८.५१.१००.०/२८ या पट्ट्याकडे, बाहेरून कोण किती येतं हे पॅकेट न सोडता कळायला हवं. दूरच्या २०३.०.११३.२० या बॅकअप सर्व्हरवरून येणारा डेटा अंदाजे कळला तरी चालेल. उरलेल्या ट्रॅफिकवर नुसतं लक्ष असलं तरी पुरे.

तिसरा वर्ग गाळायचा मोह होतो. तो गाळू नका. वर्ग आपण पाडतो ते माहीत असलेल्या ट्रॅफिकचे. नवं, अनोळखी, कुणी न सांगता सुरू केलेलं जे काही असतं ते या उरलेल्या ढिगातच येतं. तिथे अगदी विरळ सॅम्पलिंग ठेवलं, म्हणजे मोजकीच पॅकेटं निवडून मोजली, तरी ते दिसतं. काहीच ठेवलं नाही तर ते कुठल्याच अहवालात येत नाही, आणि लिंक भरलेली असताना अहवाल मात्र सगळं सुरळीत असल्याचं सांगत राहतो.

सॅम्पलिंगचा दर कसा काढायचा

शंभरात एक म्हणजे सरासरी दर शंभर पॅकेटांतलं एक मोजायचं आणि नंतर आकड्याला शंभराने गुणायचं. हा अंदाज कितपत खरा, ते मोजलेल्या पॅकेटांच्या संख्येवर ठरतं. मोजलेल्या पॅकेटांचं वर्गमूळ काढा आणि १९६ला त्याने भागा. येणारा आकडा म्हणजे ९५ टक्के खात्रीने टक्क्यांमधली जास्तीत जास्त चूक. १०० पॅकेटं मोजली तर चूक १९.६ टक्क्यांपर्यंत, १०,००० मोजली तर जेमतेम २ टक्के.

१०० एमबीपीएसची लिंक भरलेली आहे आणि पॅकेट सरासरी ५०० बाइटचं आहे असं धरा. मग सेकंदाला २५,००० पॅकेटं जातात. हजारात एक दराने मिनिटाला १,५०० मोजली जातील, चूक ५ टक्क्यांच्या आसपास. आलेखासाठी हे उत्तम. पण त्यातलं १ टक्का ट्रॅफिक असलेलं एखादं ॲप्लिकेशन पाहायला गेलात तर मिनिटाला १५च पॅकेटं हाती लागतात आणि चूक ५० टक्क्यांवर जाते. त्याच ॲप्लिकेशनचा तासाभराचा हिशोब पाहिला तर ९०० पॅकेटं होतात आणि चूक साडेसहा टक्क्यांवर येते. विरळ सॅम्पलिंगवर लहान गोष्टी मिनिटामिनिटाने पाहू नयेत, आणि बिलिंग तर अजिबात करू नये.

रँडम आणि ठरावीक अंतराने, अशा सॅम्पलिंगच्या दोन पद्धती असतात. ट्रॅफिकमध्येच एखादी लय असली, उदाहरणार्थ दर २० मिलिसेकंदाला जाणारी व्हॉइस पॅकेटं, तर प्रत्येक शंभरावं पॅकेट पुन्हा पुन्हा एकाच जातीचं निघू शकतं. निवड असेल तर रँडमच घ्या.

पायरी १: ॲक्सेस-लिस्ट

आधी शो आयपी सीईएफ टाकून सिस्को एक्सप्रेस फॉरवर्डिंग (पॅकेटं झपाट्याने पुढे पाठवायची पद्धत) चालू असल्याची खात्री करा. त्याशिवाय पुढचं काही चालत नाही. मग कॉन्फिगरेशन मोडमध्ये:

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड सर्व्हर-यादी
परमिट आयपी एनी १९८.५१.१००.० ०.०.०.१५

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड बॅकअप-यादी
परमिट आयपी होस्ट २०३.०.११३.२० एनी

शेवटचा ०.०.०.१५ हा वाइल्डकार्ड मास्क आहे, सबनेट मास्कच्या उलटा. सवयीने २५५.२५५.२५५.२४० टाकलंत तर राउटर कुरकुर न करता ते स्वीकारतो आणि भलतेच पत्ते जुळवतो.

या यादीत परमिट म्हणजे या वर्गात घे, डिनाय म्हणजे या वर्गात घेऊ नको. इथे पॅकेट अडवण्याचा प्रश्नच नाही. मात्र हीच यादी चुकून आयपी ॲक्सेस-ग्रुप कमांडने थेट इंटरफेसवर लावलीत तर ती खरोखर ट्रॅफिक अडवू लागते, आणि यादीच्या शेवटी न दिसणारं सगळं डिनाय असतंच. नवख्या हातून लिंक बंद पडते ती बहुतेक वेळा याच एका ओळीने.

पोर्टवर निवड करायची असेल तर दिशेचा विचार करा. आपल्या लोकांचं वेब ट्रॅफिक लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) इंटरफेसवर आत येताना डेस्टिनेशन पोर्ट ४४३ असतो, तर वॅनवरून (बाहेरच्या लिंकवरून) परत येणाऱ्या उत्तरात ४४३ हा सोर्स पोर्ट असतो. वॅनच्या इनपुटला डेस्टिनेशन ४४३ लिहिलंत तर फक्त आपल्या वेब सर्व्हरकडे येणारं ट्रॅफिक सापडेल. ॲड्रेस ट्रान्सलेशन (खाजगी पत्त्यांच्या जागी सार्वजनिक पत्ता लावणं) चालू असलेल्या वॅन इंटरफेसवर खाजगी पत्त्यांची यादीही शून्यच दाखवते, कारण आत येणाऱ्या पॅकेटवर त्या क्षणी सार्वजनिक पत्ताच असतो. खाजगी पत्ते पाहायचे तर लॅनच्या बाजूने मोजा. व्हीपीएनचंही तसंच. फिजिकल इंटरफेसवर फक्त ईएसपी, म्हणजे व्हीपीएनचं एन्क्रिप्ट केलेलं आवरण, दिसेल. आतलं पाहायचं तर टनेल इंटरफेसवर जा.

एक बारीक गोष्ट. तुकडे झालेल्या पॅकेटच्या पहिल्या तुकड्यातच पोर्ट असतो. पोर्ट लिहिलेल्या परमिट ओळीत नंतरच्या तुकड्यांचा पोर्ट तपासता येत नाही, त्यामुळे पत्ते आणि प्रोटोकॉल जुळले की दुसऱ्या पोर्टचे तुकडेही त्याच वर्गात येऊन पडतात. मोठी यूडीपी उत्तरं असलेल्या ट्रॅफिकमध्ये हा फरक जाणवतो. तिथे पोर्टाऐवजी पत्त्यावर निवड केलेली बरी.

पायरी २: क्लास-मॅप आणि सॅम्पलर

कुठल्या यादीतलं ट्रॅफिक कुठल्या वर्गात, ते क्लास-मॅप सांगतो.

क्लास-मॅप मॅच-एनी सर्व्हर-वर्ग
मॅच ॲक्सेस-ग्रुप नेम सर्व्हर-यादी

क्लास-मॅप मॅच-एनी बॅकअप-वर्ग
मॅच ॲक्सेस-ग्रुप नेम बॅकअप-यादी

मॅच-एनी लिहिलं नाही तर राउटर मॅच-ऑल धरतो. यादी एकच असेपर्यंत काही बिघडत नाही. उद्या दुसरी यादी जोडलीत की पॅकेट दोन्हींत बसायला हवं अशी अट होते आणि मोजणी शून्यावर येते.

आता तीन सॅम्पलर, म्हणजे कितीतलं एक पॅकेट मोजायचं ते सांगणारे नियम:

फ्लो-सॅम्पलर-मॅप पूर्ण
मोड रँडम वन-आउट-ऑफ १

फ्लो-सॅम्पलर-मॅप मध्यम
मोड रँडम वन-आउट-ऑफ १००

फ्लो-सॅम्पलर-मॅप विरळ
मोड रँडम वन-आउट-ऑफ १०००

एकात एक म्हणजे प्रत्येक पॅकेट.

पायरी ३: पॉलिसी-मॅप

कुठल्या वर्गाला कुठला सॅम्पलर, ते पॉलिसी-मॅप ठरवतो. क्लास-डीफॉल्ट म्हणजे उरलेलं सगळं ट्रॅफिक.

पॉलिसी-मॅप फ्लो-धोरण
क्लास बॅकअप-वर्ग
नेटफ्लो-सॅम्पलर मध्यम
क्लास सर्व्हर-वर्ग
नेटफ्लो-सॅम्पलर पूर्ण
क्लास क्लास-डीफॉल्ट
नेटफ्लो-सॅम्पलर विरळ

बॅकअप वर आहे ते मुद्दाम. राउटर वरून खाली पाहतो आणि पहिला जुळणारा वर्ग पकडतो. बॅकअपचा डेटा सर्व्हरांच्याच पट्ट्यात येत असेल तर सर्व्हर-वर्ग वर ठेवल्यावर बॅकअपचं प्रत्येक पॅकेट पूर्ण दराने मोजलं जाईल, म्हणजे जे टाळायचं होतं तेच होईल. अरुंद अट वर, रुंद अट खाली. एका वर्गाला सॅम्पलर एकच. दुसरा दिलात तर पहिला पुसला जातो.

पायरी ४: इंटरफेस

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०
सर्व्हिस-पॉलिसी इनपुट फ्लो-धोरण

त्या इंटरफेसवर आधीपासून सरसकट नेटफ्लो लावलेला असेल तर तो आधी काढून घ्या, नाहीतर कुठला आकडा कुठून आला हे सांगता येत नाही.

इंटरफेसवर एका दिशेला एकच सर्व्हिस-पॉलिसी बसते. तिथे क्वालिटी ऑफ सर्व्हिसची (ट्रॅफिकचं प्राधान्य ठरवणारी) पॉलिसी आधीच असेल तर नवी जोडण्याऐवजी त्याच पॉलिसीतल्या वर्गांना सॅम्पलर द्यावे लागतात. तेव्हा वर्गांचा क्रम बदलताना दहा वेळा विचार करा, कारण आता तो क्रम मोजणीबरोबर ट्रॅफिकचा प्राधान्यक्रमही ठरवतो.

दूरच्या राउटरवर काम करत असाल तर सुरुवातीला रीलोड इन १० टाका. संपर्क तुटला तर १० मिनिटांनी राउटर जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर उठतो. सगळं ठीक असेल तर रीलोड कॅन्सल आणि मगच सेव्ह.

पायरी ५: कलेक्टरकडे पाठवणं

आयपी फ्लो-एक्स्पोर्ट व्हर्जन ९
आयपी फ्लो-एक्स्पोर्ट डेस्टिनेशन १९२.०.२.१० २०५५
आयपी फ्लो-एक्स्पोर्ट सोर्स लूपबॅक ०
आयपी फ्लो-एक्स्पोर्ट टेम्प्लेट ऑप्शन्स सॅम्पलर
आयपी फ्लो-कॅश टाइमआउट ॲक्टिव्ह १
आयपी फ्लो-कॅश टाइमआउट इनॲक्टिव्ह १५

व्हर्जन ५ इथे नको. त्यात सॅम्पलिंगचा दर लिहायला हेडरमध्ये एकच जागा असते, आणि आपण तीन दर वापरतोय. व्हर्जन ९मध्ये नोंदीसोबत सॅम्पलरचा क्रमांक जाऊ शकतो आणि चौथ्या ओळीमुळे कुठल्या क्रमांकाचा दर किती ते कलेक्टरला कळतं. तरीही काही कलेक्टर संपूर्ण राउटरला एकच गुणक लावतात. आपला कलेक्टर सॅम्पलरनिहाय गुणतो का, हे पहिल्याच दिवशी तपासा. नाहीतर सर्व्हरांचं अचूक मोजलेलं ट्रॅफिकही हजारपट दिसेल.

ॲक्टिव्ह टाइमआउट १ केला नाही तर तासभर चाललेल्या कॉपीचा अर्ध्या तासाचा सगळा डेटा एकाच क्षणी नोंदला जातो. पाच मिनिटांच्या आलेखावर लिंकच्या क्षमतेपेक्षा उंच सुळका दिसतो आणि लोक नसलेला हल्ला शोधत बसतात. पारंपरिक नेटफ्लोत हा आकडा मिनिटांत असतो, फ्लेक्सिबल नेटफ्लोत सेकंदांत. एकीकडून दुसरीकडे कॉपी करताना हे विसरू नका.

पाठवण्याचं ओझं किती? ढोबळ अंदाजासाठी व्हर्जन ५चा हिशोब सोपा पडतो: ४८ बाइटच्या ३० नोंदी आणि २४ बाइटचं हेडर, म्हणजे १,४६४ बाइट. सेकंदाला १,००० फ्लो संपत असतील तर आयपी आणि यूडीपी हेडर धरून साधारण ४०० केबीपीएस. व्हर्जन ९चा आकडा टेम्प्लेटप्रमाणे थोडा इकडे-तिकडे होतो.

राउटरवर एनटीपी (घड्याळ जुळवून ठेवणारी सेवा) लावा. घड्याळ चुकीचं असेल तर नोंदी पोहोचतात, पण चुकीच्या तासात जाऊन बसतात आणि आलेख रिकामा दिसतो. आणि एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट ही ओळही टाका, नाहीतर रीबूटनंतर इंटरफेसचे क्रमांक बदलून कलेक्टरवर वॅनचा डेटा लॅनच्या नावावर चढू शकतो.

चालतंय का ते पाहणं

क्रमाने जा. शो पॉलिसी-मॅप इंटरफेस टाकून प्रत्येक वर्गात पॅकेटं वाढताहेत का पाहा. एखादा वर्ग शून्यावर असेल तर दोष ॲक्सेस-लिस्ट, दिशा किंवा क्रम यांपैकी एकात आहे. वर्ग वाढतोय पण शो फ्लो-सॅम्पलरमधला आकडा हलत नाही, तर त्या वर्गाला सॅम्पलर द्यायचा राहिलाय.

मग शो आयपी कॅश व्हर्बोज फ्लो. इथे पोर्ट आणि प्रोटोकॉल हेक्साडेसिमलमध्ये दिसतात आणि नवखे हमखास अडखळतात. ०१बीबी म्हणजे ४४३, ००३५ म्हणजे ५३, ००१६ म्हणजे २२. प्रोटोकॉलच्या रकान्यातलं ०६ म्हणजे टीसीपी, पण ११ म्हणजे यूडीपी, कारण हेक्समधलं ११ हे आपलं १७. बाहेर जाणाऱ्या इंटरफेसच्या जागी नल दिसलं तर ते ट्रॅफिक राउटरने पुढे पाठवलेलं नाही, आणि लोकल म्हणजे ते राउटरच्याच पत्त्यावर आलेलं आहे. एकाच पत्त्यावरून नलकडे जाणाऱ्या शेकडो नोंदी दिसल्या तर स्कॅनचा संशय घ्या.

शेवटी शो आयपी फ्लो एक्स्पोर्ट. पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा वाढतोय आणि कलेक्टर रिकामा, तर कलेक्टरच्या मशीनवर टीसीपीडम्पने (येणारी पॅकेटं दाखवणाऱ्या प्रोग्रामने) यूडीपी २०५५ पाहा. तिथे पॅकेटं येत असतील तर दोष त्या मशीनच्या फायरवॉलमध्ये किंवा पोर्टच्या क्रमांकात. एनएफकॅपडी हा कलेक्टर प्रोग्राम स्वतःहून ९९९५वर ऐकतो, २०५५वर नाही. सगळं जुळूनही सुरुवातीला काही दिसत नसेल तर थोडं थांबा. व्हर्जन ९ची नोंद टेम्प्लेटशिवाय, म्हणजे नोंदीचा साचा कळल्याशिवाय, उलगडत नाही, आणि राउटर टेम्प्लेट ठरावीक पॅकेटांनी किंवा ठरावीक वेळानेच पुन्हा पाठवतो.

फ्लोची बेरीज इंटरफेसच्या काउंटरशी ताडून पाहाल तेव्हा ती थोडी कमीच येईल. नेटफ्लो आयपी थरापासूनचे बाइट मोजतो, काउंटर इथरनेटची फ्रेम धरतो. ४० बाइटचं रिकामं टीसीपी ॲक इथरनेटवर ६४ बाइटचं होतं, त्यामुळे लहान पॅकेटं जास्त असतील तिथे तफावतही जास्त.

इतर राउटरांवर

सिस्कोच्या नव्या आयओएस एक्सईवर या जुन्या कमांड नाहीत, फ्लेक्सिबल नेटफ्लो आहे. तिथे फ्लो रेकॉर्ड, फ्लो एक्स्पोर्टर, फ्लो मॉनिटर आणि सॅम्पलर वेगवेगळे बनवून इंटरफेसवर आयपी फ्लो मॉनिटर या ओळीने बसवतात. निवडीचा मोठा भाग रेकॉर्डमध्ये होतो. मॅचमध्ये सोर्स पोर्ट ठेवलाच नाही तर एका ग्राहकाची शेकडो कनेक्शनं एका नोंदीत येतात आणि कॅशवरचा ताण एकदम उतरतो. सॅम्पलरची माहिती पाठवायला एक्स्पोर्टरमध्ये ऑप्शन सॅम्पलर-टेबल लागतं. इंटरफेसवर लावलेल्या मॉनिटरचं रेकॉर्ड जागच्या जागी बदलता येत नाही. आधी मॉनिटर काढायचा, मग बदलायचं.

जुनिपरच्या जुनॉसवर निवड फायरवॉल फिल्टरने होते: टर्ममध्ये (फिल्टरमधल्या एका नियमात) अट, मग देन सॅम्पल आणि ॲक्सेप्ट. दर सॅम्पलिंग इन्स्टन्सला असतो, प्रत्येक टर्मला वेगळा नाही. इथला फिल्टर मात्र खरोखरचा फिल्टर आहे. शेवटी सगळं ॲक्सेप्ट करणारी टर्म विसरलात तर अटीत न बसणारं सगळं ट्रॅफिक टाकून दिलं जातं. म्हणून इथे कमिट कन्फर्म्ड ५ वापरा. पाच मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही तर जुनॉस आपोआप जुन्या कॉन्फिगरेशनवर परत जातो.

लिनक्सवर राउटर चालवत असाल तर सॉफ्टफ्लोडीला (फ्लोच्या नोंदी बनवून पाठवणाऱ्या प्रोग्रामला) कमांडच्या शेवटी टीसीपीडम्पच्याच भाषेतलं फिल्टर देता येतं. वर्गवार दर पाळायचे नसतील तर तेवढं पुरतं.